मशीनवर घरी सिगरेट भरताना: आधी ओल, मग हात

जर्मनीतल्या माझ्या पहिल्या नोव्हेंबरात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि आठवड्याभरात माझं सिगरेट भरण्याचं मशीन बिघडलं, असं मला वाटलं. ऑक्टोबरपर्यंत सरळ भरल्या जाणाऱ्या ट्यूबा, म्हणजे फिल्टर लावलेल्या पोकळ कागदी नळ्या, मधेच फाटायला लागल्या. ज्या फाटत नव्हत्या त्यांच्या टोकातून तंबाखू भुसा होऊन गळायची. मी दुसरं मशीन आणलं. त्यावरही तेच. मग एका रात्री डबा उघडून तंबाखू मुठीत दाबली, ती कुरकुरली, आणि मला माझी आजी आठवली.

आजी सोलापुरात विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला पत्र्याच्या साच्याने कापलेली तेंदूची पानं. पानं आधी भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. कोरडं पान वळताना तडकतं आणि फार ओल्या विडीला बुरशी धरते, म्हणून ती सकाळी उठल्यावर कशालाही हात लावण्याआधी गोणपाट चाचपायची. माझ्याकडे स्टीलचा चमचा आणि गिअर असलेलं मशीन होतं, तरी चाचपायची गोष्ट तीच होती. या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ ओलीवर घालवणार आहे. नव्याने भरणारे लोक मशीनला शिव्या देतात तेव्हा बहुतेक वेळा दोष तंबाखूच्या ओलीचा असतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरी भरलेली सिगरेट पाकिटातल्या सिगरेटपेक्षा कमी घातक नसते. तंबाखूच्या पाकिटावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘मिश्रणाविना’ लिहिलेलं असलं तरी पान जाळलं की टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांचा जीव तंबाखूच घेते. तुम्ही ओढत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका. जे आधीच ओढतात, अठरा वर्षांच्या वर आहेत आणि मशीन घेऊन बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मशीन कोणतं घ्यावं

दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंना लोक ‘सिगरेटचं मशीन’ म्हणतात. एक असतं वळण्याचं: दोन रुळांवर छोटा कापडी किंवा प्लास्टिकचा पट्टा, त्यात तंबाखू आणि सुटा कागद घालून वळायचं. ते स्वस्त आणि खिशात मावणारं, पण इथे त्याचा विचार नाही. आपला विषय आहे भरण्याचं मशीन. त्यात फिल्टर लावलेली तयार पोकळ ट्यूब घालायची आणि मशीन तिच्यात तंबाखू ढकलतं. जर्मन लोक या कामाला ‘श्टोपफेन’ म्हणतात, म्हणजे ठासणं. शब्द जरा फसवा आहे, कारण ठासलं की सिगरेट बिघडते.

भरण्याच्या मशीनचे तीन प्रकार मिळतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे हाताने सरकवायचं: झाकण उघडून खाचेत तंबाखू भरायची, झाकण दाबायचं आणि सरकपट्टी एका दमात ढकलायची. दिवसाला पाच-सहा सिगरेटी भरणाऱ्याला ते पुरतं. त्याच्या वरचं म्हणजे दांड्याचं. टेबलावर ठेवून दांडा फिरवला की आधी पाट, म्हणजे दाबणारी पट्टी, तंबाखू दाबतो, मग चिमटा ट्यूब पकडतो, मग चमचा, म्हणजे खोबण असलेली लांब पट्टी, तंबाखूसकट ट्यूबमध्ये शिरतो. दांडा परत आणला की चमचा बाहेर येतो आणि तंबाखू आत राहते. तिसरं विजेवर चालणारं. त्यात हेच सगळं मोटर करते, बटण दाबलं की झालं. पॉवरमॅटिक २ हे त्यातलं ओळखीचं नाव.

माझं मत विचाराल तर पहिलं मशीन दांड्याचंच घ्या. दांडा हाताला सांगतो. कुठे जड झालं, कधी चमचा अडकतोय, हे मनगटाला कळतं. विजेच्या मशीनवर तो अडथळा मोटर सोसते. तुम्हाला कळतं तेव्हा चमचा वाकलेला असतो किंवा गिअरचा दात तुटलेला असतो. ज्यांच्या मनगटाला किंवा बोटांना त्रास आहे त्यांनी विजेचं घ्यावं, आणि ते घेतलं तर तंबाखू थोडी जास्त सुकी आणि चाळून वापरावी.

ट्यूब आणि तंबाखू

नेहमीची किंग साइझ ट्यूब साधारण ८४ मिलीमीटर लांब असते, त्यातला १५ मिलीमीटरच्या आसपास भाग फिल्टरचा. लांब फिल्टरच्याही मिळतात, त्यात तंबाखू कमी मावते. १०० मिलीमीटरच्या ट्यूबा वेगळ्या, आणि त्या प्रत्येक मशीनला चालत नाहीत. म्हणून मशीनच्या पुस्तिकेत कोणती लांबी लिहिली आहे ते पाहूनच डबा घ्या. स्वस्तात स्वस्त ट्यूबांचा मोठा साठा पहिल्याच दिवशी करू नका. काही ट्यूबांची शिवण कच्ची असते आणि भरताना तिथेच उघडते. दोन-तीन बनावटींचा एकेक डबा आणून त्यांतल्या वीस-वीस भरून पाहा आणि मग ठरवा. ट्यूबाही सुकतात, त्यामुळे डबा रेडिएटरजवळ ठेवू नका.

तंबाखू इथे दोन तऱ्हेची मिळते. ‘फाइनश्निट’ म्हणजे बारीक चिरलेली, आणि ‘फोल्यूमेनटाबाक’ म्हणजे प्रक्रियेने फुगवलेली. फुगवलेली हलकी असते, त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त सिगरेटी भरतात. ती बहुधा मोठ्या डब्यात किंवा बादलीत मिळते. साध्या बारीक चिरलेल्या तंबाखूची एक किंग साइझ सिगरेट साधारण ०.७ ते ०.९ ग्रॅमची होते, फुगवलेलीची ०.५ ते ०.६ ग्रॅमच्या आसपास. मशीनसाठी मला फुगवलेली सोयीची वाटते: धागे आखूड असतात, चमच्यात गुंतत नाहीत. पण ती सुकतेही भराभर, आणि नोव्हेंबरात मला फसवलं ते यानेच.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. तिथे १ एप्रिल २००९ पासून सिगरेट वळण्याच्या तंबाखूवरचा केंद्रीय कर पौंडामागे १.०९६९ डॉलरवरून २४.७८ डॉलर झाला, पण पाइपच्या तंबाखूवरचा फक्त २.८३११ डॉलर झाला. तेव्हापासून ‘पाइप टोबॅको’ असा शिक्का असलेल्या मोठ्या पिशव्या ट्यूबा भरायला वापरल्या जातात. ही तंबाखू बरेचदा जास्त ओली आणि जाड चिरलेली असते. पिशवी उघडून तशीच मशीनमध्ये घातली तर चमचा अडकणारच. ती आधी सुकवावी लागते, आणि धागे लांब असतील तर कात्रीने आखूड करावे लागतात.

ओल

आता मुख्य गोष्ट. मशीनसाठी तंबाखूत साधारण १२ ते १४ टक्के ओल असावी, पण घरी टक्के मोजायचं साधन नसतं आणि त्याची गरजही नाही. मूठ पुरते.

चिमूटभर नाही, चांगली मूठभर तंबाखू घ्या. पाच सेकंद घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला, हाताला चिकटला, तर ती ओली आहे. दाबतानाच कुरकुरली आणि तळहातावर भुसा राहिला, तर कोरडी. गोळा हळूहळू आपोआप सैल होत उलगडला, हाताला थंडसर लागला पण ओलसर लागला नाही, तर ती भरण्याजोगी आहे. ही परीक्षा डब्याच्या वरच्या थरावर नको. मधून हात घालून घ्या. वरचा थर नेहमी खालच्यापेक्षा कोरडा असतो.

ओली असेल तर वर्तमानपत्रावर किंवा ताटात पातळ पसरा, मधूनमधून हलवा, आणि दर दहा मिनिटांनी मुठीची परीक्षा घ्या. हिवाळ्यात गरम खोलीत वीस मिनिटंही पुरतात, दमट दिवशी तास लागतो. ओव्हन आणि मायक्रोवेव्हमध्ये कधीच ठेवू नका. बाहेरून सुकते, आत ओली राहते, आणि मायक्रोवेव्हमध्ये पेटूही शकते.

कोरडी झाली असेल तर घाई करू नका. मातीच्या भांड्याचा कोरा, चकाकी नसलेला तुकडा, किंवा याच कामासाठी मिळणारी मातीची चकती, पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा. बाहेर काढून पुसून कोरडी करा, म्हणजे थेंब राहणार नाही. मग तंबाखूबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी चकती काढून तंबाखू वरखाली करा आणि पुन्हा मुठीत धरून पाहा. पाण्याचा फवारा मारायचाच असेल तर तंबाखूपासून हात लांब धरून एकच बारीक फवारा, मग डबा बंद करून काही तास. ओल सगळीकडे पसरायला वेळ लागतो, आणि फवारा मारून लगेच भरलेल्या दहापैकी चार ट्यूबा मी स्वतः फाडल्या आहेत.

सफरचंदाची साल किंवा बटाट्याची फोड डब्यात टाकायचा सल्ला इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ओल येते खरी, पण त्याबरोबर बुरशीही येते. तंबाखूवर पांढरी पूड किंवा धाग्यांचं जाळं दिसलं, डबा उघडताच कोंदट वास आला, तर ती चाळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. फेकून द्या, डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा.

भरणं

ओल जमली की भरायला बसा. टेबल घट्ट हवं, डगमगणाऱ्या टेबलावर दांडा सरळ फिरत नाही. खाली जुना टॉवेल किंवा मोठं ताट. भरायच्या आधी तंबाखू वेगळ्या ठेवलेल्या पिठाच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळा. ती चाळणी परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. भुसा खाली जाईल. हाच भुसा नंतर ओढताना तोंडात येतो आणि चमच्याच्या खोबणीत जाऊन बसतो. गाठी बोटांनी सोडवा, जाड शिरा काढून टाका.

खाच भरताना नवीन माणूस मधेच ढीग करतो. नेमकं उलट हवं. दोन्ही टोकांना थोडी जास्त, मधे थोडी कमी. बहुतेक मशीनवर खाचेचं ट्यूबकडचं टोक फिल्टरला जाऊन टेकतं आणि दुसरं टोक पेटवायच्या बाजूला येतं. त्यामुळे ट्यूबकडचं टोक रिकामं राहिलं तर फिल्टरपाशी पोकळी राहते, आणि दुसरं रिकामं राहिलं तर पेटवायच्या टोकातून तंबाखू गळते. मी डाव्या टोकाला एक चिमूट, उजव्या टोकाला एक चिमूट, मग मधला भाग अशा क्रमाने भरतो. बोटाने दाबायचं ते फक्त टोकांना आणि तेही हलकं. मधली तंबाखू सैल पडू द्या. ती खाचेच्या काठाबरोबर यावी. काठाबाहेर लोंबणारे धागे आत सारा, कारण पाट आणि कडा यांच्यात एखादा धागा जरी सापडला तरी दांडा जड होतो.

आता ट्यूब. उघडं तोंड वाकलेलं असेल तर बोटांनी गोल करा आणि मशीनच्या तोंडावर पूर्ण शेवटपर्यंत चढवा. एक-दोन मिलीमीटर बाहेर राहिली तरी चिमटा तिला नीट पकडत नाही आणि ट्यूब उडून जाते. शिवण वरच्या बाजूला ठेवली तर ती फाटायचं प्रमाण माझ्याकडे कमी झालंय. तुमच्या मशीनवर दोन्ही बाजूंनी करून पाहा.

दांडा एका दमात, एकाच वेगाने फिरवा. झटका नको, मधे थांबणंही नको. थांबलात तर तंबाखू तिथे दबते आणि सिगरेटमध्ये गाठ बसते. शेवटपर्यंत नेऊन तसाच शांतपणे परत आणा. सिगरेट सुटून येईल. पेटवायचं टोक वर धरून फिल्टरच्या बाजूने टेबलावर दोनदा हळू टेकवा, म्हणजे टोकाची सैल तंबाखू खाली बसेल. जास्त बाहेर आलेली कात्रीने कापा.

दांडा जड लागला तर जोर लावू नका. मागे आणा, खाच रिकामी करा, तीच तंबाखू पुन्हा बोटांनी मोकळी करा आणि कमी भरा. पहिल्या दहा-पंधरा ट्यूबा वाया जातात, त्या जाऊ द्या. फाटलेल्या ट्यूबेतली तंबाखू परत डब्यात टाकता येते.

काय बिघडलं हे कसं ओळखाल

फिल्टरला लागूनच ट्यूब फाटत असेल तर तंबाखू ओली आहे किंवा ट्यूबकडच्या टोकाला जास्त झालीय. मधे फाटत असेल तर गाठ आहे. शिवणीवर उघडत असेल आणि तंबाखूची ओल बरोबर असेल, तर ट्यूबांची बनावट बदला.

फिल्टरपाशी बोटाने दाबल्यावर पोकळ लागतं, आणि सिगरेट मधेच वाकते? ट्यूबकडच्या टोकाला चिमूटभर जास्त टाका. टोकातून गळतेय आणि पेटवल्यावर पहिल्या झुरक्यालाच निखारा पडतोय? हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, गादीवर पडलेला निखारा घर जाळू शकतो. दुसरं टोक घट्ट करा, तंबाखू चाळून घ्या, ती फार सुकी नाही ना ते पाहा.

ओढताना श्वास लागतोय, गाल आत जातायत, तर जास्त भरलंय. अशी सिगरेट माणूस जोर लावून आणि खोल ओढतो, म्हणून ती तशीच संपवण्यापेक्षा फोडून परत भरा. एका बाजूने भराभर जळत असेल तर बहुधा मधली तंबाखू एका बाजूला सरकलेली असते, खाच समतल भरा.

सगळं बरोबर असूनही दांडा दिवसेंदिवस जड होत असेल, तर मशीन घाण झालंय.

साफसफाई

साफ करताना विजेचं मशीन आधी प्लगपासून काढा. बटण बंद असणं पुरेसं नाही. चमचा बोट कापेल इतक्या जोरात येतो. दर पन्नास-साठ सिगरेटींनंतर जुन्या टूथब्रशने खाच, पाट आणि चमच्याची खोबण झाडा. कोपऱ्यातलं लाकडी टूथपिकने काढा, सुई किंवा स्क्रूड्रायव्हर नको, ओरखडे पडले की तंबाखू तिथेच अडकते. चमच्यावर तपकिरी चिकट थर बसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने जरासा ओला केलेल्या कापडाने पुसा, पण फक्त धातूच्या भागावर, आणि पूर्ण सुकू द्या. तेल घालू नका. स्वयंपाकाचं तर नाहीच, शिलाई मशीनचंही नाही. ते तंबाखूत उतरतं आणि मग तुमच्या फुप्फुसात.

हिशेब, कायदा, मुलं

खर्च समजायचा असेल तर छोट्या वजनकाट्यावर दहा रिकाम्या ट्यूबा तोला, मग त्याच दहा भरून तोला. फरकाला दहाने भागलं की एका सिगरेटीत तुम्ही किती तंबाखू घालता ते कळतं. डब्याच्या किमतीला त्याने हिशेब लावा, ट्यूबची किंमत मिळवा, वाया गेलेल्या ट्यूबाही धरा. जर्मनीत तंबाखूची किंमत कराच्या पट्टीवर छापलेली असते आणि दुकानदार त्यावर सूट देऊ शकत नाही, त्यामुळे स्वस्त दुकान शोधण्यात वेळ घालवू नका. कुणी पट्टीशिवायची तंबाखू देऊ केली तर घेऊ नका.

स्वतःसाठी भरणं कायद्याने चालतं. भरून विकणं चालत नाही, ऑफिसातल्या मित्राला पैसे घेऊन देणंही नाही. सिगरेट आणि सुटी तंबाखू यांवरचा कर वेगळा आहे आणि विकलं की ती करचुकवेगिरी होते. अमेरिकेत दुकानांमधून मोठी भरण्याची मशीनं गिऱ्हाइकांना वापरायला ठेवली जायची. जुलै २०१२ च्या कायद्याने अशा दुकानांना सिगरेट उत्पादक ठरवलं. युरोपीय संघात २० मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगरेटी आणि मेंथॉल घातलेली सुटी तंबाखू विकायला बंदी आहे. घरी तंबाखूत मेंथॉलचे खडे, अत्तर, मध असलं काही मिसळू नका. चमचा चिकटतो, आणि ते जळाल्यावर धुरात काय येतं यावर तुमचा काहीच ताबा नसतो.

तंबाखूचा डबा आणि भरलेल्या सिगरेटी लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा बंद कपाटात ठेवा. रांगणारं मूल जमिनीवर पडलेली तंबाखू तोंडात घालतं आणि अगदी थोड्या निकोटिननेही त्याला विषबाधा होऊ शकते. म्हणून भरून झालं की टेबलाखालची जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. सिगरेट बाहेर ओढली तरी हे काम राहतंच.

किती भराव्यात? मी सुरुवातीला रविवारी बसून आठवड्याच्या शंभर-सव्वाशे भरायचो. डबा भरलेला दिसला की हात जास्त वेळा जायचा, आणि शुक्रवारपर्यंत डबा रिकामा. स्वस्त पडतं म्हणून मी आधीपेक्षा जास्त ओढत होतो. आता आदल्या रात्री फक्त दुसऱ्या दिवसाच्या भरतो, मोजून, आणि मशीन वरच्या कप्प्यात ठेवतो. स्टूल घेऊन चढायचा कंटाळा येतो, तेवढ्याने दिवसाला नऊवर आलोय. पुढचा टप्पा सोडण्याचा आहे, आणि त्यासाठी जर्मनीत ०८०० ८ ३१ ३१ ३१ ही मोफत मदतवाहिनी आहे, भारतात १८००-११-२३५६. मदतवाहिनीचा नंबर लिहिलेला कागद मी त्याच कप्प्याच्या दाराला आतून चिकटवलाय. आज रात्री तिथे हात जाईल तो आठ ट्यूबा काढायला.